राखेतले वाल

"कुठले वाल घेतलेस गो?" शकूआत्याने चुलीपाशी हळूच विचारलं.

"राखेच्या मडक्यातले. रंगीत व्हते ना, पावन्यांसाठी सगळे तेच भिजत घातले." मालू कौतुकाची वाट बघत हसली.

मागच्या दारी मी हात धूत होतो. ते बी न्यायलाच तर आम्ही आलो होतो.

तेव्हा मी रोह्याजवळच्या एका बियाणे केंद्रात जीप चालवायचो. आज त्या बाजूला डोलवीच्या कंपनीची वाहनं थांबता थांबत नाहीत. तेव्हा नुसती जीप दिसली तरी गाव गोळा व्हायचं. काय दिवस होते ते! आदल्या माघात असं ऊन तापलं की आत्याच्या गावी, गागोद्यात, साऱ्या वालांचा फुलोरा गळाला. आत्याच्या शेतात तांबडे, करडे, ठिपक्यांचे अशा नाना जातींची सरमिसळ. लोक त्या शेताला गोधडी म्हणून हसायचे. पण त्या गोधडीतल्याच मोजक्या झाडांनी फुलं धरून ठेवली, शेंगाही दिल्या. यातूनच उन्हाला टिकणारी जात काढता येईल, असं आमचे साहेब म्हणाले. आत्याने त्या झाडांचं बी राखेत घालून ठेवलं, एक दाणा तोंडात टाकला नाही.

मग लेकीच्या बाळंतपणासाठी ती रोह्याला गेली. सून मालू नवी, माहेर जोह्याचं. गणपती रंगवत वाढलेल्या पोरीला राखेतलं बी पेरायचं असतं, खायचं नसतं, हे कोण सांगणार? त्या सकाळी आत्याला आम्हीच जीपमधून घरी आणलं. साहेबांच्या शेतात आपले वाल लागणार म्हणून बाई वाटभर खुळ्यासारखी हसत होती.

जेवताना साहेबांनी बियाण्याचं विचारलं. वाढणाऱ्या मालूचा हात थांबला, चेहरा उतरला.

"कीड लागली, सायब," आत्या म्हणाली. "राख कमी घातली मी. माझंच चुकलं."

साहेब फार हळहळले. मग वालांच्या बिरड्याची तारीफ करून त्यांनी पुन्हा मागून घेतलं आणि आत्याने ते आग्रहाने वाढलं. तिच्याविषयी मला इतकी माया कधी वाटली नव्हती.

निघताना मी आत डोकावलो. मालू डोळ्यांना पदर लावून बसली होती. आत्याने दोन ताटं घेतली, एक तिच्यापुढे सरकवलं.

"जेव गो. चांगलं झालंय."

सोललेल्या वालांत तांबडा कुठला नि ठिपक्यांचा कुठला, काही ओळखू येत नव्हतं. आत्याने घास घेतला आणि सावकाश चावू लागली. त्या झाडांच्या वालांची चव ती पहिल्यांदाच घेत होती.