वाजवणाऱ्या हाताचं माप

पंचेचाळीस वर्षं मी शिवणाचं दुकान चालवलं. माणूस दारातून आत आला की त्याची छाती, कंबर आणि दानत मला टेप न लावता कळते. तेव्हा नातीचं काम मीच मार्गी लावणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

नात कीबोर्ड वाजवते. बोटं अशी की ऐकत राहावं. पण मान सदा खाली आणि चेहरा असा की कुणी गेलंय की काय वाटावं. एका मोठ्या हॉटेलात दुपारच्या जेवणाच्या वेळी वाजवायला माणूस हवा होता. तीन रविवार बघणार, मग कायम करायचं की नाही ते मॅनेजर सांगणार.

पहिले दोन रविवार तिने जीव ओतून वाजवलं आणि लोकांनी जीव ओतून खाल्लं. मॅनेजर म्हणाला, "लोकांना आधीचा झगमग कोटवाला वादक आठवतो. टाळ्या घ्यायचा तो."

त्या झगमगला मी बघितलंय. कीबोर्डला पेनड्राइव्ह खुपसायचा, गाणं आपसूक वाजायचं आणि हा वरून हात हलवत नाचायचा.

"आजी, मला तसलं जमणार नाही."

"मग घरी बस आणि भिंतींना ऐकव. अगं, लोक पैसे जेवायचे देतात. तुझ्याकडे बघायला त्यांना काहीतरी कारण दे!"

चार दिवस खपून मी तिला टिकल्यांचं जाकीट शिवलं. उभी करून माप घेतलं होतं. अंगावर काय बसलं म्हणता! शेवटी तिनेही हट्ट सोडला. पेनड्राइव्हवर गाणी भरून घेतली.

तिसऱ्या रविवारी मी पुढच्याच टेबलावर सूप घेऊन बसले. दणदणाट सुरू झाला, टाळ्या पडल्या, मॅनेजर खूश. मी मात्र तिच्या बोटांकडे बघत होते. ती पट्ट्यांवरून नुसती फिरत होती, एकही पट्टी दाबली जात नव्हती. सुईत दोरा नसताना मशीन चालवावं तसं. मी चमचा खाली ठेवला.

एका टेबलावर लग्नाचा चाळिसावा वाढदिवस चालला होता. पोरांनी भरीस घालून म्हाताऱ्याच्या हातात माइक दिला. गाणं पेनड्राइव्हवर होतंच. पण म्हातारा गायला लागला खालच्या सुरात आणि मशीन वाजतंय वरच्या. हा श्वासाला थांबला तरी ते थांबेना. लोक हसायला लागले. त्याच्या बायकोने ताटात मान घातली. त्याने माइक खाली ठेवायला घेतला.

मला राहवेना. "अगं घुमे, बघ की त्यांच्याकडे!"

तिने मान वर केली. पेनड्राइव्ह उपटला.

"काका, पहिली ओळ परत म्हणा. मी येते तुमच्या मागून."

एक ओळ ऐकली, त्याचा सूर पकडला आणि दोन्ही हात लांबवून वाजवायला घेतलं. टर्रर्र! पाठीची शिवण काखेपर्यंत उसवली. हात खाली सोडून उभ्या असलेल्या पोरीचं माप घेतलं होतं मी! वाजवणाऱ्याचे हात कायम पुढे असतात, हे एवढ्या वर्षांच्या शहाणीला सुचलं नाही. नाटक करेपर्यंत जाकीट टिकलं, खरं वाजवायला गेल्यावर फाटलं.

तिने एका हाताने वाजवत दुसऱ्याने ते ओढून काढलं. नजर म्हाताऱ्याच्या तोंडावर. तो श्वास घेई तिथे ती थांबे, तो घसरला की खालून सूर देई. दुसऱ्या कडव्याला त्याची बायको गायला लागली, तिसऱ्याला अख्खा हॉल.

मॅनेजर लगबगीने आला. "पुढच्या रविवारपासून कायम! फक्त पेनड्राइव्ह असू द्या, अडीअडचणीला."

"पेनड्राइव्ह नाही," नात म्हणाली. "गाणारं माणूस मी लोकांतूनच उठवीन. आणि मध्ये एक गाणं माझं एकटीचं, पूर्ण."

त्याने माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता? मी कपडे शिवते. वाजवणारी ती आहे."

झक मारत हो म्हणाला.

घरी आल्यावर तिला कीबोर्डपुढे बसवलं. "वाजव." ती वाजवत राहिली आणि मी मागून पाठीला टेप लावला. जाकीट चांगलं चार बोटं कमी पडलं होतं.

"आजी, गुदगुल्या होतात!"

"होऊ देत. हसत वाजवायची सवय होईल."