शेवटच्या रांगेतला मान

मी बोलतेय, शेवटच्या रांगेतली, खिडकीकडची. कझाकस्तानात अल्माटीहून अक्ताउला जाणाऱ्या विमानात पार मागे, संडासाच्या भिंतीला पाठ लावून उभी असलेली खुर्ची ती मीच. माझा नंबर ज्याच्या वाट्याला येतो तो आधी हातातल्या कागदावरचा आकडा बघतो, मग मला बघतो, मग पुन्हा आकडा बघतो आणि सुस्कारा सोडून बसतो. मला आता त्याचं काही वाटत नाही.

कारखान्यात आम्ही सगळ्या बहिणी एकसारख्या घडलो. तोच सांगाडा, तोच स्पंज, तेच निळं कापड. विमानात बसवताना मात्र कारागिराने माझ्या पाठीत लोखंडाची एक खुंटी ठोकली. मागे भिंत आहे, हिला रेलून करायचंय काय, असा त्याचा हिशेब. तेव्हापासून माझी पाठ ताठ ती ताठच. समोरची बहीण रेलली की ती थेट माझ्याकडच्या माणसाच्या गुडघ्यांवर येते, आणि माझ्याकडच्या माणसाला ते दुखणं मागे ढकलायची सोय नाही. हातावरचं बटण मात्र मला दिलंय. लोक ते दाबतात, पुन्हा दाबतात, कोपराने दाबतात, आणि मग मला शिव्या घालतात.

पण इथून माणसं मोठी छान दिसतात. कोणी पट्ट्याचा दिवा विझायची वाट बघतो आणि विझला रे विझला की धाडकन मागे येतो. कोणी चोरासारखा बोटभर रेलतो, थांबतो, कानोसा घेतो, आणखी बोटभर रेलतो. तेलविहिरींवर पाळीला निघालेली माणसं तर विमान हलायच्या आत घोरायला लागतात, त्यांना कोण काय बोलणार? मागे पांढरी दाढी दिसली की मात्र आमच्याकडची तरणी पोरं सहसा बटणाला हात लावत नाहीत. आणि काहीजण मागे वळून नुसतं विचारतात, "चालेल ना?" तेवढ्या दोन शब्दांनी मागच्याचे गुडघे आपोआप आखडतात. हे मी पुष्कळदा पाहिलंय आणि दरवेळी मला गंमत वाटते.

माझ्या सबंध आयुष्यात मला मागून घेतलं ते एकाच माणसाने. त्याचं नाव सागिंदिक. अक्ताउच्या बंदरात तो क्रेन चालवायचा. अंगाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा. त्याच्या पुतण्याचं लग्न ठरलं होतं, आणि मुलीच्या आजोबांना अक्ताउला घेऊन यायची कामगिरी त्याच्यावर होती.

ती कामगिरी सोपी नव्हती. मुलीचं नाव मारझान. आईवडील लहानपणीच गेले, तिला आजीआजोबांनी वाढवलं. ती नोकरीसाठी अक्ताउला गेली आणि तिथेच तिचं जमलं. आजी वारली होती, उरले जुमागाझी आजोबा. ते नाही म्हणाले नव्हते, पण हो सुद्धा म्हणाले नव्हते. "तुमच्याकडे येतो, तुमची माणसं बघतो. मन भरलं तर हात उघडून दुवा देईन. नाही भरलं तर नातीला घेऊन परत येईन." आमच्याकडे घरातल्या थोरल्याने दुवा दिल्याशिवाय लग्न उभं राहत नाही. म्हणजे मंडप सजलेला, मेजवानीसाठी घोडा कापलेला, पाहुणे निघालेले, आणि सगळं काही या एका म्हाताऱ्याच्या ओंजळीत अडकलेलं.

व्याह्यांचा मान ठेवण्यात आमच्या माणसांचा हात कोणी धरणार नाही. घरात दारापासून सगळ्यात लांबची जागा म्हणजे तोर, तिथे थोरल्याला बसवायचं. दाराजवळ बसतात ती पोरंसोरं. सागिंदिकच्या हाडीमाशी हेच मुरलेलं. तो काउंटरवर ऐटीत म्हणाला, "ताई, आमचे व्याही आहेत. दारापासून सगळ्यात लांबची जागा द्या." त्या बाईने त्याच्याकडे दोनदा पाहिलं आणि मला देऊन टाकलं. त्या दिवशी शिडी लागली होती ती फक्त पुढच्या दाराला, त्यामुळे त्याच्या हिशेबात चूक नव्हती. हा सगळा प्रकार नंतर त्यानेच आरडाओरडा करून सगळ्यांना सांगितला, म्हणून मला ठाऊक.

आरडाओरडा करायची वेळ त्याच्यावर आणली ती कुल्झिपाने. कुल्झिपा म्हणजे आजोबांची लेक, मारझानची आत्या. आजोबा माझ्यावर टेकले, ती शेजारी बसली, आणि तेवढ्यात मागच्या भिंतीत पाणी सोडल्याचा आवाज आला.

"हे काय? संडास?"

"विहीणबाई, तोर आहे हा! याच्या मागे जागाच नाही!"

"मागे जागा नाही कशी, मागे लोक रांग लावून उभे आहेत की! आमच्या बापाला संडासाचा पहारेकरी केलात तुम्ही. वाळवंटातली माणसं, उंटाच्या मागे बसायची सवय तुम्हाला."

सागिंदिकचा चेहरा उतरला. तो हवाईसुंदरीकडे धावला, पण विमान गच्च भरलं होतं. आजोबा एवढंच म्हणाले, "बसवलंय तिथे बसतो." ते रागाने म्हणाले की सहज, हे कोणालाच कळलं नाही. मलाही नाही, आणि मी तर त्यांच्या पाठीला चिकटलेली.

सागिंदिक बरोबर आमच्या पुढे बसला. माझ्या त्या बहिणीच्या पाठीचा खटका झिजला होता. तो काही बटण दाबायला गेला नाही, नुसता टेकला, आणि ती त्याच्यासकट आजोबांच्या गुडघ्यांवर येऊन आदळली. नुकताच आलेला चहाचा पेला उलटला. कुल्झिपाच्या मांडीवरच्या पिशवीतले बाउरसाक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, घरंगळत रांगेत गेले.

"वा! आधी संडास, आता अंगावर गादी टाकली! व्याह्याला पाठ दाखवून वर लोळताय?"

"खटका तुटलाय हो! मी मुद्दाम नाही केलं!"

"रीतभात पण तुटलीय वाटतं."

सागिंदिक खाली वाकला, एकेक बाउरसाक उचलून कपाळाला लावला, आणि मग जो बसला तो पुढे वाकून. दोन्ही हातांनी समोरच्या खुर्चीचा माथा धरला आणि स्वतःची पाठ हवेत ठेवली. पाठ टेकली की ती मागे जाणार, म्हणून पाठ टेकायचीच नाही. समोर बसलेल्या बाईचे केस ओढले गेले. ती उसळून वळली.

"ओ भाऊ, माझी खुर्ची का ओढताय?"

"बाई, माझी खुर्ची मागे पडते, आणि मागे आमचे व्याही बसलेत. लग्न उद्यावर आहे."

बाईचा नूरच पालटला. "अगंबाई, व्याही! मग ओढा, ओढा. खुशाल धरून बसा." आणि तिने आपला अंबाडा सोडून केस पुढे घेतले.

आता यात अवघड असं की सागिंदिक आदल्या रात्रभर गाडी हाकत आजोबांना गावाहून अल्माटीला घेऊन आला होता, आणि त्याच्या आधी बंदरावर पाळी करून विमानाने इकडे आला होता. अरल समुद्राच्या अलीकडेच त्याची मान लटकायला लागली. मान खाली गेली की हात सुटायचे, हात सुटले की पाठ मागे यायची, आणि ती आजोबांच्या गुडघ्यांना लागायच्या आत तो दचकून पुन्हा पुढे. त्याने स्वतःच्या गालावर चापट्या मारल्या. वाळलेल्या दह्याची खारट कुर्तची गोळी तोंडात टाकली, तीही चघळता चघळता डोळा लागला. मानेवरून घाम ओघळत होता. माझी बहीण बिचारी आपल्या झिजलेल्या खटक्याला दोष देत होती, आणि मला तिची आणि त्याची, दोघांचीही दया येत होती. वाटत होतं, माझ्या पाठीतली खुंटी काढून हिच्या पाठीत घालता आली तर किती बरं होईल!

आजोबा हे सगळं बघत होते. खिडकी सोडून ते त्या मानेकडे बघत होते. मग त्यांनी कुल्झिपाकडून आपला कोट मागून घेतला, त्याची घडी केली, गुडघ्यांवर ठेवली आणि पुढे बोट टोचलं.

"सागिंदिक, टेक."

"नाही आजोबा, मी मस्त आहे. असंच बसतो मी नेहमी."

"असं कोंबडीसुद्धा बसत नाही. टेक म्हणतो ना."

"तुमच्या अंगावर कसा टेकू? लोक काय म्हणतील?"

"मला थोरला मानतोस ना? संडासाजवळ बसवलंस, पण थोरला म्हणूनच ना? मग थोरला सांगतोय. टेक."

तो हळूच टेकला. पाठ मागे आली, कोटावर विसावली. आजोबांनी ती गुडघ्यांनी तोलून धरली, गचका बसू दिला नाही. पुढच्या क्षणी असं घोरणं सुरू झालं की पलीकडच्या रांगेत रडणारं एक मूल गप्प झालं.

"बाबा, पार मांडीवर आला की हो तो!" कुल्झिपा पुटपुटली.

"येऊ दे," आजोबा म्हणाले. "काल रात्री गाडीत मी डोळे मिटून पडलो होतो ना, तेव्हा खड्डा दिसला की हा गाडी जवळजवळ थांबवायचा. मला वाटलं, गाडी जुनी असेल. कुल्झिपा, जो माणूस मागच्याच्या गुडघ्यांसाठी आपली झोप मारतो, त्याच्या घरात आपली पोर अवघडून बसणार नाही."

कुल्झिपाने नाक पुसलं, आणि ते चहा सांडला म्हणून नव्हे.

मग आजोबांनी तिथेच, त्या झोपलेल्या डोक्यावर आपले हात उघडले. आवाज अगदी खाली ठेवला, तो जागा होऊ नये म्हणून. "मारझानची चूल पेटती राहो. तिच्या दारात पाहुणा येवो आणि तृप्त होऊन जावो. तिच्या घरच्या माणसांना एकमेकांचं दुखणं न सांगता कळो. तिच्या आजीला आज हे दिसो." संडासाच्या रांगेतले लोक बोलायचे थांबले. त्यांनीही हात उघडले. कचऱ्याची पिशवी घेऊन आलेली हवाईसुंदरी पिशवी काखेत धरून उभी राहिली. "आमीन," सगळे कुजबुजले आणि सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

चाकं जमिनीला टेकली तेव्हा सागिंदिक जागा झाला. आपण कुठे आहोत हे कळल्यावर तो असा उठला की डोकं वर आपटलं.

"आजोबा, माफ करा! मी झोपलो? तुमच्यावर? घोरलो का?"

"घोरलात. आमच्या गावापर्यंत ऐकू गेलं असेल," कुल्झिपा म्हणाली, पण आवाजातली धार गेली होती. "दुवा झाली तुमची. उठा, लग्नाला लागा."

"झाली? कधी? मी तर ऐकलीच नाही! मी हात पण उघडले नाहीत, आजोबा. हात उघडल्याशिवाय दुवा कशी लागणार?"

आजोबांनी त्याचे दोन्ही हात धरले. समोरची खुर्ची धरून धरून त्याच्या तळव्यांवर शिवणीचे लाल वळ उठले होते.

"हे हात?" आजोबा म्हणाले. "यांना आणखी काय उघडायचं राहिलंय रे?"

एवढा मोठा क्रेनवाला, पण उभ्याउभ्या रडायला लागला. आणि त्याच्या आजूबाजूचे प्रवासी, बॅगा काढणारे लोक, कोणीही त्याला पुढे सरक म्हणालं नाही.

मी अजून उडते आहे. माझं कापड फाटलंय, बटण कोणीतरी उपटून नेलंय, आणि पुढच्या वर्षी आमचं विमान मोडीत निघणार असं मेकॅनिक बोलतात. माझी तक्रार नाही. तुमच्या नशिबात कधी मी आले, तर सुस्कारा जरूर सोडा, मला राग येणार नाही. फक्त समोरची पाठ तुमच्या गुडघ्यांवर आली, की तिला गुडघा मारायच्या आधी जरा वाकून बघा, त्या पाठीवर टेकलेला माणूस किती दमलाय ते. आणि तुम्ही स्वतः दमला असाल, तर मागे वळून विचारा. विचारलंत, तर बहुतेक माणसं कोटाची घडी करून ठेवतात.