दुर्मिळ म्हणून चाळलेली माती

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी भिंगांच्या कारखान्यात वस्ताद चाळणी हातात घेऊनच खाली बसले, आणि त्यांना उठता येईना. दुपारी इस्पितळात छातीचा एक्स-रे निघाला. दोन्ही फुफ्फुसांवर बारीक पांढरे ठिपके, उजवीकडे एक गाठ.

"धुळीत काम करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे! चष्म्याच्या भिंगांना पॉलिश करतो. चाक ओलं, भिंग ओलं, हातसुद्धा ओले."

"आणि बुधवारचं?" शेजारी उभी असलेली त्यांची मुलगी म्हणाली.

वस्ताद सदऱ्याची बटणं लावू लागले. मग तिनेच सांगितलं. पॉलिशची तांबूस पावडर पोत्यातून येते, पोत्यावर 'दुर्मिळ मृदा' असं छापलेलं असतं. वापरून चाकाखालच्या टबाच्या तळाशी बसलेला गाळ बाकीचे कारखाने फेकतात. वस्ताद तो पत्र्यावर वाळवतात, कुटतात आणि दर बुधवारी चाळून पुन्हा चाकाला लावतात. लहान खोलीत, पावडर उडू नये म्हणून पंखा बंद करून. एकोणीस वर्षं.

"मालकाने सांगितलं होतं?"

"मालकाला पोतं कुठून उघडायचं तेही ठाऊक नाही. दुर्मिळ वस्तू आहे, बाई. मोरीत ओतायची?"

"दुर्मिळ नाही हो ती. तुमच्या पावडरीतलं मुख्य मूलद्रव्य जमिनीत जवळपास तांब्याइतकं आहे. आधी एक-दोन खाणींतच सापडलं, म्हणून तसं नाव पडलं. आणि पाण्यात विरघळत नाही, आगीत जळत नाही अशा पावडरीला जुने रसायनशास्त्रज्ञ माती म्हणायचे."

"म्हणजे छातीतही विरघळत नाही," मुलगी म्हणाली.

"नाही."

वस्ताद हसायला गेले आणि खोकत राहिले. "म्हणजे एकोणीस वर्षं चिखल जपला म्हणायचा."

"आईने तुमची तुटकी चप्पल फेकली तेव्हा दोन दिवस अबोला धरला होतात," मुलगी म्हणाली. "तुम्ही काय नाही जपलंत, बाबा?"

गाठ धुळीची असेल तर औषधांवर भागेल. कर्करोगाची असेल, किंवा तोवर नक्की कळलं नाही, तर सोमवारी फुफ्फुसाचा तेवढा भाग काढावा लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट केलं. सुईने गाठीचा तुकडा काढला. त्यातले कण कारखान्यातल्या धुळीचेच का, हे ताडून बघायला पावडर हवी होती.

मुलगी संध्याकाळी कारखान्यात गेली. चाळणीच्या खोलीची फरशी नुकतीच धुतलेली, ओली होती. पोती नव्हती.

"कसली पावडर?" मालक म्हणाला. "चाळायला मी सांगितलं होतं का? तुझ्या बापाचीच हौस. उद्या मलाच कोर्टात उभं करशील."

"मला कोर्ट नको, काका. चिमूटभर पावडर द्या."

त्याने दिली नाही. तिने घरी जाऊन वस्तादांच्या कामाच्या सदऱ्याच्या शिवणी उसवल्या. निघालेली पूड कागदाच्या पुडीत बांधली आणि गुरुवारी सकाळी तुकड्याबरोबर प्रयोगशाळेत पोचवली.

सोमवारी दुपारी दोनपर्यंत अहवाल आलेला नव्हता. शस्त्रक्रियेच्या यादीत वस्तादांचा नंबर तिसरा होता. दुसऱ्या नंबरच्या रोग्याला नुकतंच बाहेर आणलं होतं.