पाटीवरची वेणी

आमच्या सलूनच्या पाटीवर माझी वेणी आहे. मी नाही, फक्त वेणी. लग्नानंतर पाटी करायची ठरली तेव्हा फोटोग्राफरने मला आधी समोरून पाहिलं, मग बाजूने पाहिलं, मग नवऱ्याला कोपऱ्यात नेऊन काहीतरी सांगितलं. त्यानंतर मला पाठमोरं उभं करण्यात आलं. फोटो छापून आला तेव्हा माझ्या दोन्ही बाजू कातरलेल्या होत्या आणि मधोमध कमरेखाली गेलेली वेणी तेवढी उरली होती. जाहिरातीला चालेल असं माझ्यात तेवढंच होतं. मला वाईट वाटलं नाही. घरातल्या एका वस्तूचं बाजारात नाव होतंय आणि ती माझ्या डोक्याला जोडलेली आहे, एवढं समाधान मला पुरायचं.

दुकानात मी काउंटर सांभाळते. तिथे हात असलेली एक लाकडी खुर्ची आहे. सासरे बसायचे तिच्यात. त्यांच्यानंतर खुर्ची माझ्याकडे आली, पण मी तिच्यात आले नाही. तिचे हात भक्कम होते आणि मत ठाम होतं. म्हणून मी शेजारी स्टुलावर बसायचे आणि खुर्चीत धुतलेल्या टॉवेलांची चळत बसायची. नवीन गिऱ्हाईक आधी टॉवेलांकडे बघून हसायचं, मग माझ्याकडे वळायचं.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले, साखर वाढली, जिना चढताना मधल्या पायरीवर मला वेगवेगळे विचार सुचायला लागले, तेव्हा मी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. पोट कापून लहान केलं. घरच्यांनी बराच आरडाओरडा केला, पण मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकलेली असल्यामुळे कुणाचंही न ऐकता दवाखान्यात जाऊन झोपले. वजन उतरलं. एका सकाळी मी टॉवेल उचलले, बाजूला ठेवले आणि खुर्चीत बसले. दोन्हीकडे बोटभर जागा उरली. पदवी घेतानासुद्धा मला एवढं काही वाटलं नव्हतं. जेवायची वेळ झाली तरी मी उठले नाही, उगाच खुर्चीने मत बदललं तर काय घ्या.

आणि चौथ्या महिन्यात केस गळायला लागले.

दाताच्या डॉक्टरच्या बायकोचे दात पडावेत तसं हे झालं. नवरा पुरुषांची बाजू बघतो, नणंद बायकांची बाजू बघते आणि सासूबाई मागच्या खोलीत आमच्या दुकानाचा सुप्रसिद्ध लेप कालवतात. त्यात अंडं असतं, दही असतं, तेल असतं आणि चौथं एक काहीतरी असतं, ते त्या स्वतःच्या मुलीलाही सांगत नाहीत. माझा कंगवा बघून सासूबाईंनी पदर खोचला.

"रोज लावायचा," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा हे परक्या गिऱ्हाइकांसाठी. तू घरची."

घरची म्हणून मी रोज सकाळी डोक्यावर लेप घेऊन बसू लागले. केस लेपासकट गळू लागले.

नणंद दुकान बंद करताना जवळ आली. तिचा आवाज गोड झाला की मी पदर सावरते.

"वहिनी, थोडे दिवस आत बसता का? टॉवेलांचं बघा. बायका बघतात हो. काल एक जण म्हणाली, दुकानातल्या दुकानात ही अवस्था, मग आमचं काय?"

"आणि खुर्चीत कोण बसणार?"

"कोण कशाला? टॉवेल ठेवू की."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने कात्रीला तेल घालायला घेतलं. अवघड प्रश्न आला की तो कात्रीला तेल घालतो. अख्ख्या बाजारात आमच्या कात्र्यांइतक्या सुरळीत कात्र्या नाहीत.

टॉवेलांकडून दुसऱ्यांदा हरायचं नाही, एवढं मी तिथल्या तिथे ठरवलं. "मी उठणार नाही," मी म्हणाले. नणंदेने दुसऱ्या दिवशी तडजोड म्हणून गंगावन आणलं. पण गंगावन बांधायला खाली आपलं स्वतःचं काहीतरी भक्कम लागतं. सुटत आलेल्या खुंटीवर कोट अडकवायचा तसा तिने अर्धा तास प्रयत्न केला. मग गंगावन काउंटरवरून घसरून खाली पडलं आणि आत येणारा पोस्टमन किंचाळला.

त्याच आठवड्यात दवाखान्यात तपासणी होती. तिथली आहाराची बाई माझ्या मुलीच्या वयाची. माझे रक्ताचे रिपोर्ट बघता बघता तिने दोनदा हवेत वास घेतला.

"काय खाता हल्ली?"

"चहा. त्यात बिस्कीट. पटकन उतरतं. बाकीचं अडकल्यासारखं होतं."

"अंडी?"

"रोज दोन जातात."

"छान! कशी? उकडून?"

"नाही, डोक्यावर."

ती खुर्चीत मागे रेलली. "आणि दही?"

"तेही तिथेच."

तिने पेन खाली ठेवलं. "काकू, तुमच्या पोटात आता मूठभर मावतं. त्या मुठीत बिस्कीट भरलं तर शरीराने केस कशाचे करायचे? ऑपरेशनचा धक्का, वजन भराभर उतरलेलं, वर प्रथिनं नाहीत. शरीर म्हणतं, आधी हृदय चालवू, केसांचं नंतर बघू."

"शरीराचं म्हणणं बरोबर आहे," मी म्हणाले. "पण ते आमच्या काउंटरवर बसत नाही."

"मुळं जिवंत आहेत. अजून थोडे गळतील, मग थांबतील, मग येतील. सहसा येतातच. काही महिने जातील, आणि वरून काहीही चोपडलं तरी ते लवकर येणार नाहीत. जेवताना आधी अंडं, डाळ, दही. बारीक चावून. पाणी जेवणाबरोबर नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. पुन्हा रक्त तपासू."

घरी येऊन मी फ्रीज उघडला. अंडं एकही नव्हतं. दह्याचं भांडं घासून पालथं घातलेलं होतं. सकाळीच ते सगळं माझ्या टाळूवरून मोरीत वाहून गेलं होतं. एवढी वर्षं केसांत घालवलेलं हे घर. खाण्याची वस्तू दिसली की आमचा हात आपोआप डोक्याकडे जातो.

"आई, उद्यापासून लेप बंद," मी म्हणाले. "अंडी मी खाणार."

सासूबाईंनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "खा बाई. वाया घालव."

आणि मागच्या खोलीचं दार लावून घेतलं.

मी खायला लागले. हे वाक्य लिहायला सोपं आहे. एक उकडलेलं अंडं संपवायला मला एका गिऱ्हाइकाचे केस रंगवून, धुवून, वाळवून होतील एवढा वेळ लागायचा. घास फिरायचा, छाती भरून यायची, मी भिंतीकडे बघत चावत राहायचे. चहाची तलफ आली की चावायचे. कंगव्यात गुंतवळ दिसली की जास्त चावायचे. ते सगळं खुर्चीत बसून, लोकांच्या देखत. आत जाऊन खाल्लं असतं तर खुर्चीत टॉवेल आले असते.

शनिवारी दुकान भरलेलं होतं. एक नवीन बाई दारातून आत आल्या आणि पाटीकडे बोट करून म्हणाल्या, "त्या वेणीवाल्या बाईंना भेटायचंय. त्या काय लावतात ते विचारायचंय."

नणंद धावत पुढे आली. "त्या ना, बाहेरगावी गेल्यात."

"कधी येतील?"

"लांब गेल्यात हो."

माझ्या तोंडात अंडं होतं. ते नीट चावून, गिळून मी म्हणाले, "मीच ती."

दुकानातले सगळे आरसे माझ्याकडे वळले. बाईंनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, पुन्हा डोक्याकडे पाहिलं.

"अगंबाई! काय झालं हो?"

"पोटाचं ऑपरेशन केलं. वजन उतरलं, त्यापाठोपाठ केसही उतरले. परत येतील. सध्या काही लावत नाही, खाते." मी बशी दाखवली. "तुमचेही गळत असतील तर आधी डॉक्टरला दाखवा. कशाने गळतायत ते कळल्याशिवाय इथे काही चोपडून घेऊ नका."

नणंदेने कपाळावर हात मारून घेतला. आमच्या काउंटरवरून असं वाक्य याआधी कुणी बोललं नव्हतं.

तेवढ्यावर मी थांबले असते. पण आरशात मला माझी वेणी दिसली. उंदराच्या शेपटीएवढी झाली होती आणि तरी पाटीची लाज राखत पाठीवर लोंबत होती. मी उठले आणि मधल्या खुर्चीत, सगळ्यांसमोर जाऊन बसले.

"अहो, कापा. मानेपर्यंत."

नवऱ्याने कात्री उचलली आणि तेलाच्या बाटलीकडे हात नेला.

"तेल नको. कापा."

इतक्या वर्षांत त्याने माझ्या केसांना कात्री लावली नव्हती. पाटी होती ना. त्याने वेणी सोडली, पाणी मारलं, भांग पाडला आणि मधेच थांबला. वाकून टाळूजवळ बघत राहिला.

"इथे बारीक येतायत."

"नवरा म्हणून सांगताय की कारागीर म्हणून?"

त्याने विचार केला. दिवा खाली ओढून पुन्हा बघितलं. "कारागीर म्हणून. थोडेच आहेत. पण आहेत."

मग त्याने कापलं, आणि चांगलं कापलं. आखूड केसांत टाळू कमी दिसत होती, चेहरा जास्त. तो चेहरा त्या दुकानात कुणी फारसा पाहिलेला नव्हता. नवीन बाई म्हणाल्या, "मलाही असेच कापून द्या." नणंद कपाळावरचा हात काढून लगेच त्यांच्यासाठी खुर्ची पुसायला गेली.

मी काउंटरशी परतले तर खुर्चीत टॉवेल. सवयीने कुणीतरी ठेवले होते. मी ते उचलून स्टुलावर ठेवले आणि बसले. थोड्या वेळाने मागच्या खोलीचं दार उघडलं. सासूबाई लेप कालवायचं चिनी मातीचं भांडं घेऊन आल्या. घासून लख्ख केलेलं. आत उकडून कुस्करलेलं अंडं आणि दही.

"तेल घातलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मीठ घालू?"

"चिमूटभर. आणि ते चौथं?"

त्यांनी नणंदेच्या बाजूला बघितलं. "ते नुसतं वासाला होतं," त्या हळूच म्हणाल्या. "हिला सांगू नकोस."

मी पहिला घास घेतला. फार वाईट लागत नव्हतं. तेवढ्यात नणंद आतून ओरडली, "वहिनी, जरा उठता का? टॉवेल संपले."

मी खुर्चीच्या दोन्ही हातांवर कोपरं टेकवली आणि चावत राहिले.

"स्टुलावर आहेत," मी सावकाश म्हणाले. "येऊन घेऊन जा."