डालकाम्पांचं तीनशे वर्षांचं रक्त

आमच्या गावात त्या काळी जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांना जास्त मागणी होती. लग्न करायचंय? सरकारला रक्त शुद्ध जर्मन हवं, आणा आजी-आजोबांचे दाखले. पोस्टात चिकटायचंय? आणा पणजीचा बाप्तिस्मा. सगळे यायचे माझ्याकडे, कारण माझा भाऊ क्लेमेन्स इथला पाद्री, आणि चर्चच्या जुन्या वह्यांतलं किरट्या अक्षरातलं लॅटिन त्याच्यापेक्षा मला बरं वाचता यायचं. "ओटिली, तू बघ बाई ते," म्हणून तो मोकळा व्हायचा. लोकांचे मेलेले शोधता शोधता माझं स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं. असो.

बर्नहार्ड डालकाम्पचं मात्र साध्या दाखल्यावर भागणारं नव्हतं. गावातलं सगळ्यात मोठं शेत त्याचं, शेतकऱ्यांचा सरकारी पुढारीही तोच. त्याला हवं होतं मानपत्र. तीनशे वर्षं एकाच जमिनीवर एकच शुद्ध जर्मन रक्त, असं.

"डालकाम्पांशिवाय त्या मातीत कोणी नांगर धरलेला नाही, ओटिलीबाई," असं म्हणत त्याने डुकराची अख्खी धुरावलेली मांडी आमच्या टेबलावर ठेवली. ऐन युद्धात! मी मुकाट्याने वह्या उघडल्या.

आता आमच्याकडची रीत अशी, की माणसाचं नाव शेताला लागत नाही, शेताचं नाव माणसाला लागतं. घरात मुलगा नसला, की मुलीशी नाहीतर विधवेशी लग्न करून जो कोणी येईल तो दुसऱ्या दिवसापासून डालकाम्प. त्याचं जुनं नाव कुत्रंही विचारत नाही. त्यामुळे वहीत डालकाम्पांमागून डालकाम्प होते, आणि रक्त म्हणाल तर कितीदा तरी बदललेलं. बर्नहार्डचा खुद्द पणजोबा म्हणजे नेपोलियनच्या फौजेतून लंगडत मागे राहिलेला एक मथायस. 'पोलंडकडचा शिपाई' एवढंच तेव्हाच्या पाद्र्याने लिहिलं होतं. आडनाव त्या बापड्याला उच्चारता आलं नसणार. शिवाय उद्यापासून तो डालकाम्पच होणार, मग शाई कशाला घालवा? जागा तशीच कोरी सोडलेली.

डालकाम्पने डालकाम्प मागितले, मी डालकाम्प दिले. जिल्ह्याच्या वंश-कचेरीतले डॉक्टर रेनेके स्वतः मानपत्र घेऊन आले, त्यावर त्यांचीच सही आणि गरुडाचा शिक्का. बर्नहार्डने ते दिवाणखान्यात घड्याळाच्या वर टांगलं. मांडी आम्ही भावंडांनी नाताळपर्यंत पुरवली.

आणि मग त्याच शुद्ध घरातली एकुलती एक लेक थेक्ला पोटुशी राहिली. कोणापासून? तर गोठ्यातल्या विन्सेन्टीपासून! हा पोलंडमधून धरून आणून शेतावर जुंपलेला पोरगा, छातीवर पी अक्षराची चिंधी शिवलेला. असल्यांच्या बरोबर एका टेबलावर जेवायचीसुद्धा बंदी होती. शेजारच्या गावात अशाच एकाला आदल्या वर्षी ओकच्या झाडाला लटकवलं होतं, आणि आसपासच्या सगळ्या पोलिश मजुरांना रांगेने त्याच्यासमोरून चालवलं होतं. इथेही कोणीतरी चुगली केलीच. विन्सेन्टीला पोलीस घेऊन गेले.

थेक्लाची धर्ममाता मी. बाप्तिस्म्याच्या वेळी माझ्याच हातात रडली होती ती. त्या बातमीने माझं अन्न तुटलं.

दुपारी बर्नहार्ड आला तो मागच्या दाराने, टोपी हातात घेऊन. हा माणूस कधी टोपी काढत नसे.

"ओटिलीबाई, काहीतरी करा. रेनेके म्हणतात, त्या पोलिश पोराच्या वंशात जर्मन रक्त निघालं तर फाशी टळते. त्याला जर्मन करून घेतात, लग्नसुद्धा लावता येतं."

"मग?"

"मग काढा की!"

"कुठून काढू? कोंबडीखालून?"

"माझं शेत जाईल हो! पद जाईल, मानपत्र जाईल."

"आणि थेक्ला?"

"ती तर... तिचे केस कापून गावातून फिरवतील," तो म्हणाला आणि खाली बसला. पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बाप दिसला मला. मानपत्राच्या मागे उभा होता इतका वेळ.

मग मी वही उघडून मथायसवर बोट ठेवलं.

"हा कोण?"

"तुझा पणजोबा. लंगडा. पोलिश."

"माझा पणजोबा? पोलाक?" तो ओरडला.

"हळू! क्लेमेन्स झोपलाय."

"मग मी कोण?"

"तू कोण ते उद्या डॉक्टर रेनेकेंनाच विचारू."

त्या कोऱ्या जागेत मी विन्सेन्टीचं आडनाव लिहिलं, सोब्चाक. चिकोरीच्या कॉफीचा हात फिरवून शाई जुनी केली. पाप होतं? असेल. पण मला भयंकर राग आला होता.

डॉक्टर रेनेके डालकाम्पच्या दिवाणखान्यात नाकावर चष्मा लावून वही वाचू लागले. "म्हणजे हा मथायस सोब्चाक त्या मजुराच्या घराण्यातला? पण बाई, हा तर पोलिश!"

"असेल हो साहेब," मी म्हटलं. "मला काय कळतंय? पण तो डालकाम्पांचा पणजोबा. तो पोलिश, तर तीनशे वर्षं शुद्ध रक्त म्हणणाऱ्या त्या कागदावर सही कोणाची?"

रेनेकेंनी घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाच्या वरही पाहिलं. बर्नहार्डने खोकून घेतलं.

"पोलंडमध्ये जाऊन राहिलेलं जुनं जर्मन घराणं," शेवटी ते म्हणाले. "उघडच आहे."

"मलाही तसंच वाटत होतं," मी म्हटलं.

मग त्यांनी तुरुंगात जाऊन वंश ठरवायला विन्सेन्टीचं डोकं मोजलं. ते अतिशय उत्तम निघालं.

लग्न झालं. छातीवरची चिंधी उसवली, विन्सेन्टी टेबलावर जेवायला बसू लागला. बर्नहार्ड गुत्त्यात सांगत सुटला, "रक्त रक्ताला ओळखतं हो! मला पहिल्या दिवसापासून शंका होती." मी ऐकलं आणि हसू दाबलं. खोटं कशाला बोलू, चार दिवस मी फार ऐटीत होते. फासावरचा माणूस नुसत्या दौतीने खाली उतरवला होता मी.

आणि मग फौजेचं बोलावणं आलं. बरोबरच होतं. धडधाकट जर्मन तरुण गोठ्यात काय करतोय? पोलिशांना फौजेत घेत नव्हते, ते युद्ध संपेपर्यंत गायी पिळत बसणार होते. माझ्या डोक्यात हे कसं आलं नाही, देवा, कसं आलं नाही?

करड्या गणवेशात तो निरोप घ्यायला आला. मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "मावशी, माझा भाऊ तिकडे जंगलात आहे, तुमच्या फौजेशी लढतोय. मी बंदूक कोणावर धरू?" मी त्याला पावाची शिदोरी बांधून दिली. दुसरं काय देणार होते?

तो पूर्वेकडे गेला. आधी पत्रं यायची, मग यायची थांबली. बर्नहार्डने जावयाचा गणवेशातला फोटो मानपत्राच्या शेजारी टांगला.

दिवस भरत आलेली थेक्ला एका सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"मावशी," ती म्हणाली, "तू त्याला जर्मन केलंस ना? मग आता परत पोलिश करता येईल का गं?"

खरं तर करायचं काहीच नव्हतं. तो पोलिशच होता. पण ते सिद्ध करायला आता दाखला लागत होता, आणि ज्या वहीतून तो द्यायचा तिच्यातली कोरी जागा मीच त्याच्या नावाने भरून टाकली होती.