पर्लचं वासरू

गुरं पाळणाऱ्या एल्डन ब्रेकीचं बायसनबद्दलचं, म्हणजे शेजारच्या राष्ट्रीय पार्कातल्या केसाळ रानगव्यांबद्दलचं मत सगळ्या खोऱ्याला पाठ होतं. गावच्या सभागृहातल्या दर बैठकीत तो टोपी हातात घेऊन उभा राही, "पार्कात जन्मले, पार्कातच मरावेत," एवढंच म्हणे आणि खाली बसून कॉफी पिऊ लागे.

गणित साधं होतं. बायसनच्या अंगात गाभ पाडणारा रोग असतो. बर्फाला कंटाळून तो पार्कातून खाली उतरतो, त्याची वार कुरणात पडते, ती गाईनं हुंगली की गाय गाभडते. आणि एक गाय गाभडली की सरकार सगळा कळप कोंडून ठेवतं. विक्री बंद, डोंगरावरचं उन्हाळी कुरण बंद. हाच रोग एल्क हरणंही अंगावर घेऊन हिंडतात, हे एल्डनला ठाऊक होतं. पण एल्कचा विषय बैठकीत कोणी काढत नसे. त्यांच्या शिकारीला लांबून पाहुणे येत, आणि पाहुण्यांना उतरायला एल्डनचीच दोन लाकडी घरं होती.

"बायसननं कधी कुणाला भाडं दिलंय?" असं त्याची बायको व्हर्ना विचारी. ती हे नवऱ्याच्या बाजूनं विचारते की विरुद्ध, ते एल्डनला इतक्या वर्षांच्या संसारातही कळलेलं नव्हतं.

एप्रिलात, गाई विण्याच्या ऐन दिवसांत, बर्फाचं वादळ आलं. त्याच्या आदल्या दिवशी सरकारी हेलिकॉप्टर घिरट्या घालून बायसनना पार्काकडे हाकलून गेलं होतं आणि एल्डननं त्याला टोपी हलवून शाबासकी दिली होती. वादळ ओसरल्यावर तो कुरणात गेला, तर पर्ल मान खाली घालून उभी. पर्ल म्हणजे त्याची जुनी तांबडी गाय. पुढ्यात मेलेलं वासरू, दिवस भरायच्या आधीच आलेलं.

"थंडीनं गेलं," एल्डन म्हणाला. माणसाला जे कारण हवं असतं, ते लवकर सापडतं.

परतताना ओढ्याकाठी त्याला दुसरं वासरू दिसलं. तांबूस, चिखलाबर्फानं लडबडलेलं, अर्धमेलं. जवळपास आई नाही. एल्डनच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण गाई विऊन झाल्याखेरीज तो डॉक्टरकडे जाणार नव्हता. त्यानं वासरू उचललं, ट्रकच्या हीटरपुढे धरलं आणि घरी आणून न्हाणीघरातल्या टबात कोमट पाण्यात ठेवलं.

"कुणाचं हे?" व्हर्नानं विचारलं.

"टाकलं असेल एखाद्या कालवडीनं. पहिलटकरणीला डोकं कुठे असतं?"

"तुझी आई माझ्याबद्दल हेच म्हणायची."

पोरक्या वासरासाठी खोऱ्यात एक जुना रिवाज आहे. मेलेल्या वासराचं कातडं सोलायचं, त्याला पायांपुरती चार भोकं पाडायची, पोरक्याच्या अंगात ते कोटासारखं चढवायचं आणि पोटाखाली सुतळीनं बांधायचं. आई हुंगते, तिला आपल्या पोराचा वास येतो. निम्म्या गाई पाजतात, निम्म्या लाथ घालतात. पर्लनं हुंगलं, चाटलं आणि पान्हा सोडला. एल्डन कुंपणाला टेकून बघत राहिला. डोळ्यांत आलेलं पाणी त्यानं मोतीबिंदूच्या नावावर टाकलं.

दोन दिवसांनी ऊन पडलं. व्हर्ना कातडं सोडवायला आली.

"एल्डन, हे हंबरत का नाही?"

"सर्दी झालीय."

"डुकरासारखं घुरघुरतंय."

"मग घसा बसला असेल."

व्हर्नानं सुतळी कापून कातडं बाजूला केलं. "आपल्या गाई तांबड्या. हे नारिंगी आहे."

"उन्हात दिसतं तसं."

"एल्डन..." ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. "आता सांग की बैठकीत! पार्कात जन्मावेत, पार्कातच मरावेत आणि मधल्या वेळात दूध ब्रेकींच्या घरी प्यावं!"

एल्डन हसला नाही. पर्लच्या मागे सगळा कळप गोळा झाला होता आणि एकेक गाय मान लांबवून नवं पोर हुंगत होती. ते पाहून व्हर्नाचंही हसू विझलं.

"ट्रकमध्ये घाल आणि ओढ्यापलीकडे सोडून ये. कुणाला कळतंय?"

"आणि पर्ल? ती हंबरून हंबरून खोरं डोक्यावर घेईल. मग सगळे विचारायला येतील, पर्लचं वासरू कुठंय."

शेवटी त्यानं पशुधन खात्याला फोन केला. खात्याकडून कोल्बी आला. शेजारच्याच गुरांच्या रँचवर वाढलेला. त्याला दोर फेकायला एल्डननं शिकवलं होतं.

"मिस्टर ब्रेकी, हे पार्काच्या हद्दीत असतं तर वन्य प्राणी. तुमच्या कुंपणात आहे, म्हणजे आमच्या खात्याचं."

"आणि हद्दीवरच उभं असतं तर?"

"तर दोन्ही खात्यांनी तुमचा फोन उचलला नसता."

त्यानं वासराचं आणि पर्लचं रक्त नेलं. आठवड्यानं त्याचा फोन आला.

"वासरू निरोगी आहे."

"बघ!" व्हर्ना म्हणाली.

"पर्ल नाही. आणि तिला हे वासरापासून झालेलं नाही, मिस्टर ब्रेकी. आधीपासूनच होतं. तिचं स्वतःचं वासरू थंडीनं गेलं नव्हतं. हिवाळ्यात तुमच्या गंजीवर कोण येत होतं चरायला?"

सगळा हिवाळा एल्कचा कळप गंजीला तोंड लावून उभा असे आणि पाहुणे खिडकीतून त्यांचे फोटो काढत. एल्डननं घसा साफ केला.

"म्हणजे बायसनकडून गाईला नाही. गाईकडून बायसनला धोका."

"तसं म्हणता येईल. पण नियमात ते कुठे बसत नाही. अहवालात बायसनशी संपर्क, एवढंच लिहिता येतं."

"मग निदान ते पोर तरी पार्कात सोड."

"रोगी गाईचं दूध प्यायलंय ते. पार्क परत घेणार नाही. म्हणतात, आमच्या जनावरांना धोका."

हे वाक्य एल्डननं आजवर शेकडो वेळा म्हटलं होतं. ते इतकं बिनतोड आहे हे त्याला आजच कळलं.

"आणि बाकीच्या गाई?"

"आहेत तिथेच राहतील. डोंगरावर न्यायच्या नाहीत."

"बाळा, इथे जूनपर्यंतसुद्धा गवत पुरायचं नाही."

"मला माहीत आहे," कोल्बी म्हणाला. आणि त्याला खरंच माहीत होतं.

गुरुवारी तो पर्लला आणि वासराला कत्तलखान्यात न्यायला ट्रेलर घेऊन आला. पर्ल ट्रेलरच्या चढायच्या फळीशी आली आणि चारी पाय रोवून उभी राहिली. कोल्बीनं काठी काढली.

"काठी नको," एल्डन म्हणाला. त्यानं वासराला दोन्ही हातांत उचललं, फळीवरून आत नेलं आणि पार कोपऱ्यात ठेवलं. वासरू घुरघुरलं. पर्ल आपल्या पायांनी आत चढली. एल्डन तिच्या बाजूनं अंग चोरून बाहेर आला आणि त्यानंच दार लावलं.

आतून चुपचुप आवाज येऊ लागला. कोल्बीनं ट्रकमध्ये बसून चावीला हात लावला.

"थांब जरा," एल्डन म्हणाला. "पितंय."

कोल्बीनं हात मांडीवर ठेवला. व्हर्ना दारातून आत गेली. दोघं पुरुष समोर डोंगराकडे बघत राहिले. तिथे बर्फ वितळून नवं गवत दिसायला लागलं होतं. वासराला बरीच भूक होती.