बाजूच्या सीटवरचा ब्रेक

मास्तरांनी इस्त्री उचलून न्यायच्या ढिगावर ठेवली, दोन पावलं मागे सरून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलून द्यायच्या ढिगावर ठेवली. सकाळपासून त्या बिचारीने घरातल्या घरात इतके हेलपाटे घातले होते की परदेशी जायची तिची हौस एव्हाना फिटली असावी. बायकोने सामानावर दोन रंगांच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, हिरव्या आणि पिवळ्या. "रंग लक्षात ठेवा हं," असं तिने बजावलंही होतं. मास्तरांनी नुसती मान हलवली होती. ज्या माणसाने अर्ध्या गावाला सिग्नल शिकवला त्याला हिरव्याचा अर्थ काय समजावून सांगायचा? हिरवं म्हणजे जा. आता ढिगांसमोर बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की जा म्हणजे आपल्याबरोबर जा की या घरातून जा, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

फोन करून विचारता आलं असतं. पण बायको हॉस्पिटलात पेशंटचे एक्स-रे काढत असणार, आणि तिने वर ऐकवलं असतं, "अहो मास्तर, तुमचं लक्ष असतं कुठे?" मास्तरांनी फोन खिशातच ठेवला.

त्यांना सगळे मास्तरच म्हणत. बायकोसुद्धा. ती गाडी शिकायला आली होती तेव्हापासूनचं ते 'अहो मास्तर', लग्नानंतर बाकी सगळं बदललं, तेवढं टिकलं. मास्तरांचा धंदा गाडी शिकवण्याचा. म्हणजे आयुष्यभर बाजूच्या सीटवर बसायचं, चाक दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि "हळू, हळू, अहो हळू" म्हणत राहायचं. त्या सीटपुढे स्टिअरिंग नसतं, ॲक्सिलरेटर नसतो. असतो तो एक ब्रेक, शिक्षकाचा. तेवढ्या एका ब्रेकवर मास्तरांनी संसार उभा केला होता. शिकाऊ माणसांनी त्यांना भिंतीवर, खांबावर, एकदा तर चालत्या वरातीवर घालायचा प्रयत्न केला, पण मास्तरांचा पाय कधी चुकला नाही. डोक्याला कळायच्या आधी त्यांच्या पायाला कळत असे.

अडचण एवढीच की पाय घरीही गप्प बसत नसे. बायकोने जेवताना सांगितलं, "मला तिकडची नोकरी मिळाली, आपल्या दोघांचा व्हिसा होईल," तेव्हा मास्तर तोंडाने "अरे वा!" म्हणाले आणि टेबलाखाली त्यांच्या पायाने फरशी करकचून दाबली. बायकोने खाली वाकून पाहिलं आणि ती हसली. थोड्या वेळाने मात्र हसायची थांबली.

"तुम्हाला यायचंय ना?"

"यायचंय की."

"मग पाय काढा."

तिकडे गाड्या उलट्या बाजूने चालतात, हेही तिनेच सांगितलं. "तुमच्याच सीटवर बसून चालवायचंय. फक्त समोर चाक असेल." तिला वाटलं, नवरा खूश होईल. मास्तर मात्र तेव्हापासून पार गोंधळले. रस्ता ओलांडताना नको त्या बाजूला बघायला लागले. एका मुलीला "डावीकडे घे" म्हणत हाताने उजवीकडे दाखवलं. ती बिचारी चौकाच्या मधोमध थांबली आणि रडायला लागली. तिकडे आपल्याला पुन्हा लायसन्स काढावं लागणार, कुठल्या तरी पोरगेल्या मास्तरच्या शेजारी बसून "हळू, हळू" ऐकून घ्यावं लागणार, ह्या विचाराने त्यांना कधी हसू यायचं, कधी घाम फुटायचा. आपल्याला जायचंय की नाही, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. सकाळी जायचं असे, दुपारी नसे.

आणि मग त्यांना आई आठवली. म्हणजे आई घरातच होती, पण कारण म्हणून आठवली.

आईची धाकटी बहीण, मास्तरांची मावशी, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहत होती. तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. मास्तर घरची गाडी काढत, आई मागे बहिणीचा हात धरून बसे. आपण गेल्यावर हे कोण करणार? उत्तर दिलं आईने. "मी शिकते की गाडी," ती म्हणाली. "टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कॉल जोडायचे तेव्हा शंभर लोक एकाच वेळी माझ्यावर ओरडायचे. हॉर्नला काय घाबरायचंय?"

मास्तरांनी तो धागा घट्ट धरला. "आईला लायसन्स मिळालं की त्या दिवशी माझं तिकीट काढ," असं त्यांनी बायकोला सांगून टाकलं. बायकोने स्वतःचं तिकीट काढलं आणि नवऱ्याचं थांबवून ठेवलं. आई काही लवकर शिकत नाही, असा मास्तरांचा अंदाज होता. अंदाज साफ चुकला. आई झपाट्याने शिकली. गिअर बदलताना ती स्वतःशीच "जोडते हं" म्हणायची, एवढं सोडलं तर नाव ठेवायला जागा नव्हती.

आज तिची टेस्ट होती.

"अरे, झालं का तुझं?" आई दारातून म्हणाली. तिने नवी साडी नेसली होती आणि पायात मास्तरांनी सांगितलेले सपाट बूट घातले होते. "आणि ती इस्त्री तिथे कशाला ठेवलीस? ती मला राहणार आहे."

म्हणजे तिसराच ढीग निघाला. मास्तरांनी हात टेकले आणि गाडीची किल्ली घेतली.

टेस्टची तिथली पद्धत अशी: शिकणारा चाकावर, शिक्षक नेहमीसारखा बाजूला आणि परीक्षक मागे. शिक्षकाने तोंड मिटून बसायचं. त्याच्या ब्रेकला एक बझर जोडलेला असतो. पाय पडला की मागे परीक्षकाच्या कानाशी तो वाजतो, आणि वाजला की शिकणारा नापास. तिथे हुज्जत चालत नाही. आजवर मास्तरांनी टेस्टमध्ये बझर वाजू दिला नव्हता. ज्याच्यासाठी वाजवावा लागेल त्याला ते टेस्टला आणतच नसत. अपवाद एकच, चिमणी. अंगाने एवढीशी म्हणून चिमणी. तिच्यासाठी तीनदा वाजवावा लागला होता. ती चिमणी आता स्वतः गाडी शिकवत होती आणि मास्तरांची शिकवायची गाडीही तिलाच विकायची ठरली होती.

परीक्षक जाडजूड आणि अबोल होते. मागे बसले आणि म्हणाले, "चला, आजी."

आईने आरसा पाहिला, खांद्यावरून मागे पाहिलं, "जोडते हं" म्हणाली आणि गाडी निघाली. मास्तरांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. पहिला चौक सुरेख झाला. गोल चक्कर तर असं झालं की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते अभिमानाचं होतं, त्यात शंका नाही. पण अभिमानाच्या पाठोपाठ हिशेबही आला. आई पास होतेय. आज संध्याकाळी तिकीट निघतंय. हे सगळं खरोखर होतंय. त्यांना आनंद झाला आणि तेवढ्यातच इतकं वाईट वाटलं की कुठलं कशाचं, हे सुधरेना.

बँकेच्या कोपऱ्यावर एक माणूस डोक्यावर गादी घेऊन फूटपाथच्या कडेला उभा होता. गादी दोन्ही बाजूंनी खाली वाकलेली, त्यामुळे त्याला काही दिसत नसावं. त्याने एक पाय रस्त्यावर टाकला. गाडी अजून लांब होती. आईला तो दिसला होता का? तिचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला होता का? मास्तरांनी पाहिलं नाही. मास्तरांना फक्त बझर ऐकू आला.

गाडी थांबली. गादीवाल्याने पाय मागे घेतला होता, कधीचाच. त्याला ह्यातलं काही कळलंही नाही. मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय ब्रेकवर होता, टेबलाखाली असतो तसाच करकचून.

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "पुढच्या महिन्यात या, आजी," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "छान चालवता," असंही म्हणाले आणि उतरून गेले.

मागून कुणीतरी हॉर्न दिला तेव्हा आईने गाडी व्यवस्थित कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली. मास्तरांना तोंड लपवायला जागा हवी होती. बाजूच्या सीटवर तशी जागा नसते.

"आई, माझं चुकलं."

"चुकलं का?"

"म्हणजे, मला माहीत नाही." हे मात्र मास्तर अगदी खरं बोलले. "तो माणूस आला असता तर? नसता आला तर? मी त्याच्यासाठी दाबला की..." पुढचं त्यांना बोलवेना. की तू पास होऊ नयेस म्हणून? की मला जायला लागू नये म्हणून? पोटच्या पोराने आईला असं मुद्दाम पाडावं? आणि पाडलं असेल तर ते आईवरच्या मायेने की निव्वळ भित्रेपणाने? पाय तर त्यांचाच होता, पण त्याला विचारायची सोय नव्हती.

शेवटी ज्याचं उत्तर मिळण्यासारखं होतं, ते तरी त्यांनी विचारलं. "तू दाबणार होतीस का गं ब्रेक? तुला दिसला होता ना तो? तू दाबणारच होतीस?"

आईने हो म्हटलं असतं तर मास्तर गुन्हेगार ठरले असते. नाही म्हटलं असतं तर सुटले असते, आणि मग कुठे जायचा प्रश्नच उरला नसता. मास्तर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. दोन्हींपैकी कुठलंही चाललं असतं, पण काहीतरी एक कळायला हवं होतं.

आईने खूप विचार केला. ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

"मला नाही रे सांगता येत," ती म्हणाली. "दिसला होता. पण तू होतास ना बाजूला. तू असलास की मी ब्रेकचा विचारच करत नाही. इतके दिवस केलाच नाही. मी आपली गाडी पुढे न्यायची, थांबवायला तू आहेस." तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "बझर वाजला ना, तेव्हा खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, आहे हा. इथेच आहे."

मास्तर खिडकीतून बाहेर पाहू लागले.

"म्हणून सांगते," आई म्हणाली, "पुढच्या वेळी तू बसू नकोस. मी चिमणीला घेऊन येईन. तोवर तुझ्या मावशीला तीच नेईल, मी बोललेय तिच्याशी."

"कधी बोललीस?"

"मागच्याच आठवड्यात. म्हटलं, लागलंच तर."

"म्हणजे तुला वाटलं होतं मी दाबणार?"

"मला काही वाटलं नव्हतं," आई जरा चिडून म्हणाली. "सगळ्यांना सगळं आधी कळत नसतं. पण तू बाजूला आहेस तोपर्यंत मला गाडी येतेय की नाही, हे मला कळणार नाही. तुलाही नाही कळणार. आणि तू तिकडे न जाता इथे बसून राहिलास, तर मला जन्मात कळणार नाही." तिचा आवाज फाटला. तिने तो खाकरून सरळ केला. "मला नकोय तू जायला. हे आत्ताच सांगते, नंतर विमानतळावर तमाशा नको. नकोच आहे. पण जा."

मास्तर रडले. चारचौघांत, भर दुपारी, गाडी शिकवायच्या गाडीत, छतावर मोठ्ठी पाटी असताना. आईने त्यांच्या पाठीवर हात फिरवला नाही. तिने दोन्ही हात चाकावर ठेवले, मास्तरांनी शिकवलं होतं तसे.

फोन वाजला. बायको हॉस्पिटलातून करत होती. मागे कुणाला तरी "श्वास रोखून धरा" म्हणणं चालू होतं.

"काय झालं हो?"

"आई नापास झाली," मास्तर म्हणाले. "माझं तिकीट काढ."

पलीकडे मागून कुणीतरी "आता सोडा श्वास" म्हणालं.

"अहो, नीट सांगा," बायको म्हणाली. "नापास झाल्या? मग तिकीट कशाला? मास्तर, तुमचा काहीतरी घोळ होतोय."

"होतोय," मास्तर म्हणाले. "तू काढ."